दार्जिलिंगला जाताय? मग गावात राहा

मुक्कामपोस्ट:

दर वर्षी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी "दार्जिलिंगला किती दिवस पुरे?" हा प्रश्न येतो आणि बहुतेक जण "एक रात्र खूप झाली, पुढे गंगटोक करा" असं सांगून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. या गावावर माझा जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी जरूर लिहा.

आधी गावाची ठेवण समजून घ्या. दार्जिलिंग एका लांबट धारेवर वसलंय, उंची साधारण ६,७०० फूट. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास. धारेच्या माथ्यावर चौरस्ता आणि तिथून खाली उतरत गेलेली घरं, शाळा, हॉटेलं. आणखी खाली चौकबाजार आणि जीपचा स्टँड. चौरस्त्यावर गाड्यांना बंदी आहे. म्हणजे गावातला सगळ्यात छान भाग फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, आणि पॅकेजवाले नेमका तोच भाग संध्याकाळच्या खरेदीसाठी तासभर राखून ठेवतात.

तिथले गाडीवाले "थ्री पॉइंट", "सेव्हन पॉइंट" अशा हिशोबात बोलतात. थ्री पॉइंट म्हणजे पहाटे टायगर हिल, परतताना घूमचा मठ आणि बतासिया लूप. सेव्हन पॉइंटमध्ये प्राणिसंग्रहालय, गिर्यारोहण संस्था, चहाचा मळा, तिबेटी केंद्र वगैरे. यादी वाईट नाही. पण गावातला रस्ता अरुंद, त्याच रस्त्यात रेल्वेचे रूळ, आणि हंगामात गाड्यांची रांग. त्यामुळे दिवसाचा मोठा भाग गाडीच्या काचेतून समोरच्या गाडीची मागची बाजू बघण्यात जातो. यातली निम्मी ठिकाणं चौरस्त्यावरून पायी जाण्यासारखी आहेत.

माझा आग्रह एवढाच, की चौरस्त्याच्या जवळपास मुक्काम करा आणि सकाळी उठून चालायला लागा. चौरस्त्याच्या मागच्या टेकडीला ऑब्झर्व्हेटरी हिल म्हणतात. तिला वळसा घालणारा जवळजवळ सपाट रस्ता चौरस्त्यावरून निघतो आणि चौरस्त्यावरच परत येतो. रमतगमत गेलात तरी अर्ध्या-पाऊण तासाचं काम. उत्तरेकडे वळलात की आकाश मोकळं असेल तर कांचनजंगा थेट समोर. सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर असूनही ते अख्खं क्षितिज व्यापतं. एक सूचना: पहिल्यांदा बघणारे खाली, ढगांच्या पातळीवर शोधत राहतात. नजर वर न्या, आणखी वर. शिखर तिथे असतं.

त्याच टेकडीच्या माथ्यावर महाकालाचं मंदिर आहे. चढ छोटा पण दमवणारा. दोन्ही अंगांना पताका इतक्या दाट बांधलेल्या, की वाऱ्यावर त्यांची सतत फडफड चालू असते आणि त्यात वर जाणाऱ्यांनी वाजवलेल्या घंटा. गाभाऱ्यात महाकालाच्या लिंगांबरोबर बुद्धमूर्ती आहेत, आणि एका बाजूला पुरोहित, दुसऱ्या बाजूला लामा बसलेला असतो. दोघांचं पठण आपापल्या सुरात चालू. येणारा माणूस दोघांपुढे हात जोडतो. कुणी काही समजावून सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना त्यात समजावण्यासारखं काही वाटत नाही. मी तिथे बराच वेळ भिंतीला टेकून बसले होते. दार्जिलिंगात एकच जागा बघायची म्हटली तर मी ही सांगेन. माकडांपासून मात्र प्रसाद आणि चष्मा सांभाळा.

हवामानाचं खरं खरं सांगायचं तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत आकाश सगळ्यात स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीतही डोंगर दिसतो, थंडी मात्र कडक. मार्च-एप्रिलमध्ये धुरकट. मे महिन्यात गर्दी. जून ते सप्टेंबर पाऊस आणि दरडी. चांगल्या महिन्यातही कांचनजंगा दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाही. एका रात्रीच्या मुक्कामात त्याची गाठ पडणं हा निव्वळ नशिबाचा भाग, आणि माझा एका रात्रीला विरोध आहे तो मुख्यतः यासाठीच.

सह्यवेडा:

सुरेख लिहिलंय ताई. महाकालाबद्दल शंभर टक्के सहमत. पण टायगर हिलला तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत, तिथे माझी हरकत आहे.

टायगर हिल साधारण २,५९० मीटर, म्हणजे गावापेक्षा पाचशेहून जास्त मीटर वर. गावातून एव्हरेस्ट दिसत नाही, तिथून दिसतं. वायव्येला, खूप लांबवर, ल्होत्से आणि मकालूच्या शेजारी एक छोटं टोक. मकालू जवळ असल्यामुळे तोच मोठा वाटतो आणि बहुतेक लोक त्यालाच एव्हरेस्ट समजून फोटो काढतात. गाईडला नीट विचारून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, सूर्य पूर्वेला उगवतो आणि कांचनजंगा उत्तरेच्या अंगाला आहे. गर्दी सगळी पूर्वेकडे मोबाईल धरून उभी असते. सूर्य क्षितिजावर यायच्या आधीच कांचनजंगाच्या माथ्यावर उजेड पडतो. आधी फिकट गुलाबी, मग तांबूस, आणि तो रंग हळूहळू खाली उतरत येतो. सूर्य वर आला की डोंगर पांढरा होतो, खेळ संपला. त्यामुळे कठड्याच्या उत्तरेकडच्या टोकाला उभे राहा, तिथे जागाही मिळते.

आणि आपण मराठी लोकांनी तो डोंगर जरा आपलेपणाने बघावा. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमीचे दहा गिर्यारोहक कांचनजंगावर पोचले होते. ८,५८६ मीटर, जगात तिसरा. १९५५ मध्ये पहिल्यांदा चढाई करणारे ब्रिटिश गिर्यारोहक माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले, कारण सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता. सिक्कीमी लोकांसाठी ते दैवत आहे. पुढेही अनेकांनी तो रिवाज पाळला. टायगर हिलवर उभं राहून हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

मुक्कामपोस्ट:

सह्यवेडा, तुमचं म्हणणं मान्य. उत्तरेकडच्या टोकाची सूचना फारच उपयोगी आहे. माझा विरोध टायगर हिलला नाही, आकाश न बघता जाण्याला आहे. पॅकेजमध्ये वार ठरलेला असतो. त्या पहाटे ढग असले तरी साडेतीनला उठवून नेतात आणि शेकडो गाड्यांच्या रांगेत धुकं दाखवून परत आणतात. मुक्काम लांब असेल तर आदल्या रात्री बाहेर येऊन बघता येतं. चांदण्या लखलखीत असतील तर गाडीवाल्याला फोन करा, नसतील तर झोपा.

आजोळ:

ताई, आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे. दोघं सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. तुमचं सगळं चालण्यावर आहे, म्हणून जरा धाकधूक वाटतेय. उंचीचा त्रास होईल का? डिसेंबर चालेल?

मुक्कामपोस्ट:

आजोळ, या उंचीवर सहसा विरळ हवेचा त्रास होत नाही. हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचाराच. खरी अडचण पायऱ्यांची आहे. हॉटेल ठरवताना फोन करून दोनच प्रश्न विचारा: गाडी दारापर्यंत येते का, आणि दारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? "चौरस्त्यापासून दोन मिनिटं" असं लिहिलेलं असतं, ती दोन मिनिटं उभ्या चढाची असू शकतात. आम्हाला एका हॉटेलने फोनवर "लिफ्ट आहे" सांगितलं होतं. लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोचायला दोन जिने उतरायचे होते. सोबत सासूबाई होत्या, फार हाल झाले त्यांचे.

चौरस्ता मात्र ज्येष्ठांसाठी उत्तम. सपाट, ऐसपैस, ऊन येणारा, भोवती बाकं. ऑब्झर्व्हेटरी हिलचा वळसाही सपाट, बसत बसत करता येतो. आईंना मंदिराचा चढ करायला लावू नका.

सामान वर न्यायला हमाल मिळतात. त्यात पुष्कळ बायका असतात. कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने, त्याला तिथे नाम्लो म्हणतात, दोन-दोन बॅगा पाठीवर घेऊन त्या चढ चढतात. पैसे आधी ठरवा, पण घासाघीस नका करू. एकदा त्यांच्या मागून ती चढण चढून बघा, म्हणजे घासाघीस करावीशी वाटणार नाही.

डिसेंबरात रात्री तापमान चार-पाच अंशांवर किंवा त्याखाली जातं आणि खोल्या आपोआप गरम होत नाहीत. हीटरचे बहुधा वेगळे पैसे घेतात. गरम पाण्याची पिशवी घरून न्या. आणखी एक: हा देशाचा पूर्व भाग. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि बरीच दुकानं लवकर बंद होतात. आपल्याकडच्या सवयीने रात्री नऊला जेवायला बाहेर पडलात तर पंचाईत होईल. दिवस सहाला सुरू करा. तुमच्या आईबाबांसाठी मी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सुचवेन.

रूळपट्टी:

रेल्वेचा विषय कुणीच काढला नाही, मग मीच काढतो. मी नोकरीभर रेल्वेत होतो आणि ही गाडी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचं काम १८७९ मध्ये सुरू झालं आणि १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोचली. दोन फुटी रूळ, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीइतकेच. माथेरानची गाडी १९०७ ची, म्हणजे ही तिची मोठी बहीण. १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतातल्या डोंगरी रेल्वेंमध्ये ती पहिली. निलगिरी आणि कालका-शिमला नंतर.

तिची खरी करामत अशी की सपाटीवरून सात हजार फुटांपेक्षा वर चढताना तिला दात्यांच्या रुळाचा आधार नाही. निलगिरीच्या गाडीला तसा आहे. इथे चढ पेलण्यासाठी दोन युक्त्या: एक लूप, म्हणजे गाडी स्वतःच्याच मार्गावरून वळसा घेऊन वरच्या पातळीला येते. दुसरी झेड, म्हणजे गाडी पुढे जाते, थांबते, सांधा बदलून उलटी मागे चढते, पुन्हा थांबते आणि पुढे निघते. उलटी चढतानाचा तो प्रकार बघायला लोक खिडकीतून अर्धे बाहेर येतात. तसं करू नका, झाडं आणि भिंती अगदी अंगाला घासून जातात.

वाफेच्या इंजिनाची फेरी मिळाली तर इंजिनाच्या तोंडाशी बघा. तिथे पुढच्या बाजूला कामगार बसलेले असतात आणि रूळ ओले असले की मुठीने वाळू टाकत जातात, चाक घसरू नये म्हणून. चालक, आग घालणारा, कोळसा फोडणारा, वाळू टाकणारे, ब्रेकवाले, एवढी माणसं लागतात त्या चिमुकल्या इंजिनाला. १८८९ पासून बनत गेलेल्या त्या बी क्लास इंजिनांना इतक्या वर्षांनी धूर काढत चढताना बघून मला भरून येतं, आणि ती चालू ठेवणाऱ्या तिंधरियाच्या कारखान्यातल्या लोकांना मी मनापासून सलाम करतो.

व्यवहाराचं बोलायचं तर पर्यटकांसाठी दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग अशी साधारण दोन तासांची फेरी असते. वाटेत बतासिया लूपला दहा मिनिटं थांबते. तिथे गोरखा जवानांचं स्मारक आहे. पुढे घूम, २,२५८ मीटर, भारतातलं सगळ्यात उंच स्टेशन. स्टेशनातच छोटं संग्रहालय आहे, गाडी तेवढा वेळ थांबते, चुकवू नका. तिकिटं आयआरसीटीसीवर मिळतात. वाफेचं तिकीट डिझेलपेक्षा महाग, पण जायचं तर वाफेनेच जा. न्यू जलपाईगुडीहून थेट वर येणारी गाडीही आहे. ८८ किलोमीटर, सात तासांहून जास्त. दरड कोसळली की रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका.

सह्यवेडा:

काका, वाळूचं माहीत नव्हतं. आता पुन्हा जायला कारण मिळालं.

पिल्लूचीआई:

वाचतेय, छान चाललाय धागा. आमची मुलगी सात वर्षांची आहे. तिच्यासाठी काय? आणि आम्ही शाकाहारी, जेवणाचे हाल होतील का?

मुक्कामपोस्ट:

मुलीला प्राणिसंग्रहालयात न्या, ते खरोखर चांगलं आहे. पद्मजा नायडू हिमालयन झूलॉजिकल पार्क, १९५८ पासूनचं. उंचावरच्या प्राण्यांसाठीच ते उभारलंय, त्यामुळे तिथले लाल पांडा, हिमबिबटे, तिबेटी लांडगे त्यांच्या मानवणाऱ्या हवेत असतात. लाल पांडा आणि हिमबिबट्याची पैदास तिथे होते आणि इथे वाढवलेले लाल पांडा सिंगालिलाच्या जंगलात सोडलेही गेलेत. लाल पांडा दुपारी फांदीवर पाय लोंबकळत टाकून झोपलेला असतो, सकाळी लवकर गेलात तर हालचाल दिसेल. बांबूचं पान तो पुढच्या पंजांत धरून एकेक करून खातो. मुलं तिथून हलत नाहीत.

त्याच आवारात हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट. १९५३ च्या मे महिन्यात तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोचले, आणि पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९५४ ला, ही संस्था सुरू झाली. तेनझिंग तिथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख होते. दार्जिलिंग हेच त्यांचं घर होतं. संग्रहालयात जुने बूट, दोर, प्राणवायूची उपकरणं मांडलेली आहेत. ते जाडजूड बूट आणि ती वजनदार उपकरणं बघितली की त्या चढाईचा अंदाज येतो. बाहेर त्यांचा पुतळा आणि समाधी आहे. नवांग गोम्बूंचीही आठवण ठेवा, १९६३ आणि १९६५ अशी दोनदा एव्हरेस्टवर जाणारा पहिला माणूस. तोही इथलाच, तेनझिंगचा भाचा, याच संस्थेत गिर्यारोहक घडवणारा. शेर्पांना आपण फार सहज "ओझी वाहणारे" म्हणून टाकतो. इथे आलं की त्यांची योग्यता कळते.

चौरस्त्यावरून चालत वीस-पंचवीस मिनिटं, जाताना उतार. वार बघून ठेवा, प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं.

जेवणाचे हाल नाही होणार. मारवाडी पद्धतीची शाकाहारी भोजनालयं गावात आहेत. कोबी-पनीरचे मोमो, भाज्यांचा थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, सगळीकडे मिळतो. थुक्पा घेताना रस्सा कशाचा आहे ते विचारा, पुष्कळदा हाडांचा असतो. सकाळी बाजारात सेल रोटी आणि आलूदम खा. तांदळाच्या पिठाची गोल, तळलेली सेल रोटी गरम असताना घ्या, गार झाली की मजा जाते.

चहापत्ती:

दार्जिलिंगच्या धाग्यावर इतका वेळ चहा नाही? मग मी लिहिते.

आधी हंगाम. थंडीनंतर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल पहिली खुडणी, फर्स्ट फ्लश. पानं हिरवट, चहा फिकट, वास फुलांसारखा. मे-जूनला सेकंड फ्लश, रंग गडद आणि चवीत मस्कटेल म्हणतात तो द्राक्षासारखा गोडसर स्वाद. त्यामागचं कारण मला फार आवडतं. त्या दिवसांत तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तीच पुढे कपात उतरतात. आपल्याकडे कपाशीवर तुडतुडे पडले की शेतकरी डोक्याला हात लावतो. पावसाळ्यातला चहा सामान्य, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरदातला मऊ, तांबूस.

दार्जिलिंग चहा हे भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन, २००४ चं. सत्त्याऐंशी मळ्यांनाच हे नाव लावता येतं. पण बाजारात त्या नावाने शेजारच्या मुलखातला चहा सर्रास विकला जातो. म्हणून पाकिटावर मळ्याचं नाव, हंगाम आणि वर्ष बघा, शिवाय बाईच्या चेहऱ्याचं आणि दोन पानं-एक कळीचं चिन्ह. दुकानदार करून पाजत असेल तर तिथेच थांबा आणि दोन-तीन प्रकार चाखून मग घ्या.

कारखाना बघायचा तर गावाला लागून हॅपी व्हॅली आहे, १८५४ पासूनचा मळा. खुडणीचा हंगाम चालू असतानाच जा, हिवाळ्यात यंत्रं बंद असतात. लांबलचक जाळ्यांवर पसरलेली पानं सुकत असतात, त्या दालनातला वास कुठल्याच पाकिटात येत नाही.

करायची पद्धत: पाणी उकळलं की गॅस बंद, अर्धं मिनिट थांबा, कपाला एक चमचा पत्ती, झाकून तीन मिनिटं, गाळा. दूध नको, आलं-वेलची तर नकोच. आपल्या घरच्या चहासाठी आसामची पत्ती आहे ना.

आणि एक गोष्ट मनापासून. हा चहा परदेशात हजारोंच्या भावाने जातो. खुडणाऱ्या बाईची रोजची मजुरी २०२३ मध्ये २५० रुपये झाली. मळ्यात जाऊन भाड्याच्या नेपाळी पोशाखात टोपली पाठीला लावून फोटो काढतात, तेव्हा शेजारी खरी खुडणारी उभी असते. तिचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि रोपांच्या ओळीत शिरून फांद्या मोडू नका. ते तिचं पोट आहे.

तराईकर:

नोकरीनिमित्त काही वर्षं सिलिगुडीत होतो. वर अनेकांनी छान माहिती दिली आहे, मी पाण्याबद्दल लिहितो, कारण पर्यटकांना ते दिसूनही लक्षात येत नाही.

गावात फिरताना गटारांच्या कडेने, भिंतींवरून, पुलांखालून बोटाएवढ्या जाडीच्या नळ्यांचे जुडगे गेलेले दिसतील. शेकडो नळ्या, जागोजागी चिंध्या आणि रबर गुंडाळून गळती थांबवलेली. प्रत्येक नळी एकेका घराची. दार्जिलिंगला पाणी प्रामुख्याने सिंचलच्या तलावांतून येतं. ते ब्रिटिश काळात, तेव्हाच्या छोट्या वस्तीसाठी बांधलेले. आज लोकसंख्या लाखाच्या वर, त्यात हंगामातले पर्यटक. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण उतारावरून वाहून जातो. मार्च-एप्रिलमध्ये घराघरांत टँकरचं विकतचं पाणी. हॉटेलात बादलीने आंघोळ करा म्हणून विनंती केली तर चिडू नका, पाळा. कोकणात धो-धो पाऊस आणि मे महिन्यात कोरड्या विहिरी, हे आपल्याला ठाऊक आहेच.

दुसरं रस्त्यांचं. सिलिगुडीहून वर यायला हिलकार्ट रोड, रोहिणी रोड आणि पंखाबारी. पंखाबारी जवळचा पण फार उभा, वळणं अंगावर येणारी. गाडी लागणाऱ्यांनी रोहिणी मार्गे यावं. सामान्य दिवशी तीन-साडेतीन तास धरा, गर्दीत पाच. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला एका रात्रीच्या पावसाने मिरीक भागात दरडी आल्या, दुधियाचा लोखंडी पूल तुटला, वीसहून अधिक माणसं गेली. पूजेची सुट्टी म्हणून पर्यटकही भरपूर होते. तेव्हा पावसाळा "संपलाय" असं कॅलेंडर बघून ठरवू नका, निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र सिलिगुडीत काढता आली तर काढा.

येताना कर्सियांगला थांबा. बहुतेक गाड्या सुसाट पुढे जातात. तिथे गिद्दापहाडला नेताजींचे बंधू शरदचंद्र बोस यांचं घर आहे, १९३६ मध्ये नेताजींना तिथे स्थानबद्ध ठेवलं होतं. आता संग्रहालय आहे. लहानसं घर, पण मला तिथून निघवत नव्हतं.

मुक्कामपोस्ट:

तराईकर, नळ्यांबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. याच ओघात सांगते, दार्जिलिंगमध्येच लेबाँग रस्त्यावर रॉय व्हिला आहे. भगिनी निवेदितांचं १३ ऑक्टोबर १९११ ला तिथे निधन झालं. आता रामकृष्ण मिशनकडे आहे. सेव्हन पॉइंटच्या यादीत ते नसतं.

पायमोजे:

संदकफूबद्दल कुणी सांगेल का? ट्रेकचा फार अनुभव नाही, राजगड-तोरणा केलाय.

सह्यवेडा:

राजगड-तोरणा केलात तर पाय तयार आहेत, फक्त उंची नवीन आहे. संदकफू ३,६३६ मीटर, पश्चिम बंगालमधलं सगळ्यात उंच ठिकाण. मानेभंज्यांगपासून चढाई सुरू होते. सिंगालिला राष्ट्रीय उद्यानातून आणि नेपाळच्या सीमेच्या कडेकडेने वाट जाते, कधी या देशात, कधी त्या. ओळखपत्र जवळ हवंच, उद्यानाचा परवाना आणि स्थानिक गाईड सक्तीचा. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उद्यान बंद.

वरून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू, म्हणजे जगातल्या पहिल्या पाचांपैकी चार शिखरं दिसतात. कांचनजंगाची अख्खी रांग आडवी झोपलेल्या बुद्धासारखी दिसते: कुंभकर्ण शिखर म्हणजे डोकं, मध्ये कांचनजंगा, पायाशी पांडिम. एप्रिल-मेमध्ये गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, पण डोंगर बघायचा तर नोव्हेंबर. चालायचं नसेल तर मानेभंज्यांगहून जीप वर जातात. पण जीपने थेट एका दिवसात वर गेलात तर डोकं दुखणं, मळमळ होऊ शकते. वाटेतल्या टुमलिंगला रात्र काढून चढा. दम लागणं वेगळं आणि डोकं दुखायचं न थांबणं वेगळं, दुसऱ्या परिस्थितीत गाईडला सांगून खाली उतरायचं.

आजोळ:

ताई, सगळं वाचलं. आईबाबा तयार झालेत, नोव्हेंबर नक्की. चार रात्री ठेवतोय. आता एवढंच सांगा, दिवसांची मांडणी कशी करू? बुधवारी संध्याकाळी पोचतोय.

मुक्कामपोस्ट:

फार आनंद झाला. मग असं करा.

गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद, म्हणून तो दिवस चौरस्ता, सपाट वळसा आणि दुपारी चहा चाखायला ठेवा. प्रवासाचा शीणही जाईल. आगगाडीचं तिकीट शुक्रवारी सकाळचं काढा, आधीपासून काढावं लागेल. शनिवारी प्राणिसंग्रहालय आणि गिर्यारोहण संस्था, आत चढ आहे, तेव्हा आईंना बसत बसत न्या आणि परतीला गाडी करा, कारण येताना चढण लागते. टायगर हिलला वार ठरवू नका. गुरुवार, शुक्रवार, शनिवार यांपैकी ज्या रात्री चांदण्या दिसतील त्याच्या पहाटे जा, आणि जाल तेव्हा सह्यवेडांनी सांगितलेलं उत्तरेकडचं टोक पकडा. आईबाबांसाठी कानटोपी, हातमोजे आणि थर्मासमधलं गरम पाणी सोबत ठेवा, तिथे वारा बोचरा असतो.

रविवारी सकाळी लवकर निघा. वाटेत कर्सियांगला तासभर थांबता येईल.